पोळ्याची पुरणपोळी आणि तुतीच्या पानांची भुकटी

काकाजी: आपल्या वावराला लागून ज्यांची रेशमाची तुती आहे, त्यांनी मला वाळलेल्या पानांची भुकटी दिली आहे. पुरणपोळीचे जेवण झाले की चमचाभर घ्यावी, म्हणजे साखर वाढत नाही, असे ते सांगतात. पोळ्याच्या दिवशी घ्यावी का?

पुतणी: काकाजी, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त वेळ चुकली आहे. आपण खातो ती साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी असते; लहान आतड्याच्या अस्तरावरील सुक्रेज हे विकर ती जोडी तोडते, तेव्हाच ती रक्तात जाते. तुतीच्या पानांतील डीएनजे या घटकाची घडण ग्लुकोजसारखी असल्यामुळे तो त्या विकरात जाऊन बसतो आणि तोडणीचे काम मंदावते. मधुमेहावरचे मिग्लिटॉल हे औषध याच घटकावरून तयार झाले. म्हणून भुकटीचा उपयोग व्हायचा तर ती पहिल्या घासाबरोबरच पोटात गेली पाहिजे.

वहिनी: पुरणात साखरेऐवजी गूळ घातला तर?

पुतणी: गुळातही बहुतांश तीच साखर असते, त्यामुळे मोजून खाणे चुकत नाही. शिवाय भुकटीमुळे न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते आणि पोट फुगते.

आत्याबाई: गुडमारीचेही असेच असते का? लहानपणी रानात मी तिचे पान चावून वर साखर खाल्ली होती. ती जिभेवर रेतीसारखी लागली, गोडी म्हणून अजिबात नाही.

पुतणी: आत्याबाई, तुमचा अनुभव खरा आहे. गुडमारीतील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोड चव ओळखणारी केंद्रे काही वेळ अडवतात. मात्र चव गेली म्हणजे साखर गेली, असे नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. काकाजी ग्लिमेपिराइड ही मधुमेहावरची गोळी घेतात, आणि त्या गोळीने साखर मुळातच उतरू शकते. त्यात ही भुकटी घेतली आणि कधी दरदरून घाम सुटून हात थरथरू लागले, तर आपण सवयीने साखरेचे पाणी पाजू. पण तोडणीच मंदावलेली असल्यामुळे ते हवे तितक्या लवकर कामी येणार नाही. अशा वेळी ग्लुकोजची पावडरच द्यावी लागते, कारण तिला तोडावे लागत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय भुकटीला हात लावू नये, ही कळकळीची विनंती.

काकाजी: डबा आलमारीत ठेवला आहे. सोमवारी डॉक्टरांना दाखवतो आणि येताना ग्लुकोजचा पुडा आणतो. पोळ्याला माझ्या ताटात एकच पोळी वाढावी.