मदत हवी आहे: कॅनन १५००डीसाठी परवडणारी झूम लेन्स (पक्षी आणि झाडीपट्टीची नाटकं)

नमस्कार मंडळी,

मी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहतो. कॅमेरा कॅनन १५००डी, त्यासोबत आलेली १८-५५ मिमी किट लेन्स (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). आता लांबचं टिपणारी झूम घ्यायची आहे. धानाचे चुकारे जमा झाले की पंधरा हजार या कामासाठी बाजूला काढणार आहे, अगदी ओढाताण केली तर अठरा. त्यापुढे जमणार नाही. जुनी लेन्स चालेल, खरं तर जुनीच बघतो आहे.

काम दोन तऱ्हेचं आहे. एक पक्ष्यांचं. नवेगावबांध जवळ आहे, इटियाडोह आहे, शिवाय गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या (छोटी तळी). थंडीत बदकं उतरतात, चित्रबलाक दिसतात आणि नशीब असेल त्या सकाळी धानाच्या बांधीत सारसाची जोडी. सारस म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीचा पक्षी, तरी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) १८-५५ ने काढला की फोटोत राखाडी रेघेएवढाच येतो. जवळ जायचं नाही हे पक्कं आहे. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आमच्याच भागात, त्यांना उठवून काढलेला फोटो मला नको.

दुसरं काम नाटकांचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या. दिवाळी झाली की गावोगाव मंडया (जत्रेसारखे मेळे) भरतात आणि मंडईच्या रात्री नाटक ठरलेलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. या कलावंतांचे नीट काढलेले फोटो फार थोडे आहेत. मोबाइलवर रंगवलेले चेहरे पांढरेफटक येतात, हातवारे पुसले जातात. अर्धं आयुष्य या रंगमंचावर काढलेली माणसं आमच्याकडे आहेत, त्यांचा एक चांगला संग्रह व्हावा ही मनापासून इच्छा आहे.

आता अडचण. कॅननच्या लांब पल्ल्याच्या महागड्या लेन्स आवाक्याबाहेर, म्हणून टॅमरॉन आणि सिग्मा बघतोय. ‘टॅमरॉन ७०-३००’ असं शोधलं की त्याच नावाच्या लेन्स अगदी स्वस्तापासून कित्येक पट महाग दरापर्यंत दिसतात. हा फरक कशाचा? स्थिरीकरण (हाताची थरथर भरून काढणारी सोय) नसलेली घेतली तर चालेल का? सिग्माची एक जुनी ७०-३०० फार स्वस्तात मिळते आहे, विकणारा म्हणतो ‘फिल्म कॅमेऱ्यावर वापरत होतो, काच एकदम साफ’. आणि मुख्य म्हणजे, एकाच लेन्समध्ये पक्षी आणि नाटक दोन्ही भागेल का? ज्यांनी प्रत्यक्ष वापरल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद: नाव एक, लेन्स तीन

दादा, दरातला फरक यामुळे आहे की ‘टॅमरॉन ७०-३००’ या नावाखाली किमान तीन वेगळ्या लेन्स विकल्या जातात आणि जाहिरातीत मॉडेल क्रमांक बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो.

सगळ्यात स्वस्त ती ए१७. एफ ४-५.६ (छिद्र किती उघडतं त्याचा आकडा, लहान आकडा म्हणजे जास्त उजेड), स्थिरीकरण नाही, फोकसची मोटर जुन्या पद्धतीची आणि आवाज करणारी. फोकस होताना पुढचा भाग फिरतो, त्यामुळे पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला तर दर वेळी नव्याने जुळवावा लागतो. तिचा एक खरा गुण म्हणजे १८० ते ३०० मिमीच्या दरम्यान मॅक्रोची (जवळून टिपण्याची) कळ सरकवली की साधारण ९५ सेंटीमीटरवरून फोकस होतो. फुलपाखरं, चतुर यांना छान. पक्ष्यांना मात्र अंधूक उजेडात ती फोकस शोधत पुढेमागे करत राहते आणि तोवर बदक उडालेलं असतं.

दुसरी ए००५, २०१० साली आलेली. नावात एसपी, व्हीसी आणि यूएसडी ही अक्षरं असतात. व्हीसी म्हणजे स्थिरीकरण, यूएसडी म्हणजे वेगवान, शांत मोटर. वजन पाऊण किलोच्या वर. तुमच्यासाठी ‘टॅमरॉन ७०-३००’ म्हणजे हीच.

तिसरी ए०४७. हिच्यावर ‘डीआय थ्री’ लिहिलेलं असतं. ती मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी आहे, तुमच्या कॅमेऱ्यावर बसणारच नाही. नुसतं ‘डीआय’ असेल तर फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरची, ‘डीआय टू’ असेल तर तुमच्यासारख्या छोट्या सेन्सरची, आणि या दोन्ही कॅनन माउंटमध्ये (कॅननच्या जोडणीच्या) असतील तर तुम्हाला चालतात. सिग्मात हाच फरक डीजी आणि डीसी या अक्षरांनी कळतो.

सिग्माच्या फिल्मच्या काळातल्या लेन्सबद्दल स्पष्टच सांगतो, घेऊ नका. कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी ज्या संकेतांनी बोलतात ते कॅननने या कंपन्यांना कधी दिले नाहीत, त्यांनी ते स्वतः उलगडून वापरले. त्यामुळे सिग्माच्या त्या काळातल्या बऱ्याच लेन्स डिजिटल बॉडीवर लावल्या की फोकस होतो, पण छिद्र लहान करून बटण दाबलं की एरर येते. काच कितीही साफ असली तरी हा दोष आतल्या चिपचा आहे.

प्रतिसाद: स्थिरीकरण आणि ऊन

स्थिरीकरणाबद्दल थोडं. तुमच्या सेन्सरमुळे ३०० मिमी म्हणजे फुल फ्रेमवरच्या ४८० सारखं. हातात धरून हलू नये म्हणून शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) साधारण १/५०० सेकंद लागतो. सकाळी साडेसहाला तलावावर एवढा उजेड कुठला? तिथे व्हीसी कामाला येतं. बटण अर्धं दाबलं की दृश्य एकदा किंचित सरकतं आणि मग जागच्या जागी थांबून राहतं. बसलेला सारस असेल तर १/१०० लाही कडक (अगदी स्पष्ट) फोटो निघतो. उडत्या पक्ष्याला मात्र काहीच उपयोग नाही. व्हीसी तुमचा हात सांभाळतं, पक्ष्याचे पंख नाही. तिथे १/१००० च्या आसपास जावंच लागतं, म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा.

ए००५ तीनशेला पूर्ण उघडी ठेवली तर जराशी मऊ (पुसट) वाटते, एफ ८ ला सुधारते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात लेन्सपेक्षाही जास्त नडते. एप्रिल-मे मध्ये सकाळचे नऊ वाजले की तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरायला लागते. त्या हवेतून दीडशे-दोनशे मीटरवरचा पक्षी कुठल्याही किमतीच्या लेन्सने काढा, कडा विरघळलेल्याच येतात. दोष लेन्सला देऊन लोक ती विकून टाकतात. ओल्या बांधीच्या काळात किंवा थंडीत पहाटे पारख करा, मगच ठरवा.

प्रतिसाद: नाटकाला ७०-३०० नको

मी भंडारा जिल्ह्यातला, दंडार (इथलं लोकनाट्य) आणि नाटकं दोन्हींचे फोटो काढतो. पक्ष्यांचं वर सांगितलंय ते बरोबर आहे, पण नाटकासाठी त्यातली एकही लेन्स कामाची नाही हे आधीच लक्षात घ्या.

एफ ५.६ च्या तुलनेत एफ २.८ ला चौपट उजेड आत येतो. एफ १.८ ला जवळजवळ दहापट. रंगमंचावर एफ ५.६ ला काम करायचं तर १५००डीचा आयएसओ ६४०० ला न्यावा लागतो आणि तरी शटर १/३० च्या आसपास राहतो. व्हीसी असलं तरी पात्र हलतंय ना! हात पुसटच येणार.

नाटकासाठी टॅमरॉनची १७-५० एफ २.८ बघा, मॉडेल ए१६, स्थिरीकरण नसलेली. हिची व्हीसीवाली बहीणही आहे, पण नाटकाला तिचा फायदा नाही, शिवाय साधी जास्त कडक आहे असं वापरणारे बहुतेक जण सांगतात, माझाही अनुभव तोच. पूर्ण पल्लाभर २.८ मिळतं. मोटर करकरते, पण ढोलकी आणि माइकच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही. झूमची रिंग कॅननच्या उलट दिशेने फिरते, सुरुवातीला हात चुकतो, मग बसतो.

५० मिमीने लांबून चेहरे मिळणार नाहीत, म्हणून पुढे बसा. आयोजकांना दुपारीच भेटून सांगितलं की अगदी मंचाला लागून जागा देतात. फ्लॅश मारू नका, कलावंतांचे डोळे दिपतात आणि मंचाच्या रंगीत उजेडाचा सगळा भाव जातो.

दिव्यांची एक भानगड आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर १/४०० वगैरे ठेवलं तर एक फोटो उजळ, पुढचा काळवंडलेला, एलईडी असतील तर आडवे पट्टे. १/१०० ला ठेवा, एफ २.८, आयएसओ ३२०० पासून सुरू करा. १/१०० ला धावणारं पात्र गोठत नाही, पण आपली पात्रं मोठ्या वाक्याच्या शेवटी हात वर करून क्षणभर थांबतात. टाळी येते ती त्याच वेळी. नाटक ओळखीचं असेल तर तो क्षण आधीच कळतो. फोकसला नऊपैकी मधला बिंदूच वापरा, १५००डीमध्ये तोच सगळ्यात भरवशाचा, आणि तो फेट्याच्या काठावर किंवा डोळ्याच्या काजळावर धरा.

धागाकर्ता: मग पैसे कसे वाटू?

सगळ्यांचे मनापासून आभार. सिग्मावाल्याला ‘नको’ म्हणून कळवतो. नाटकाचं एवढं बारीक कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, टाळीची गोष्ट तर अगदी खरी आहे.

पण आता नवा पेच. जुनी ए००५ घेतली तर बहुतेक सगळे पैसे तिथेच जातात आणि नाटकाची १७-५० पुढच्या हंगामावर पडते. पक्षी आणि नाटकं दोन्हींचा हंगाम दिवाळीनंतर एकदमच येतो. एक सोडायचं तर मी पक्षी सोडेन, पण जीव तुटतो.

प्रतिसाद: कॅननची ५५-२५० विसरलात

सोडू नका. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम (आयएस म्हणजे स्थिरीकरण, एसटीएम म्हणजे शांत मोटर) जुनी बघा. बाहेरच्या कंपनीची लेन्स तिथे घ्यावी जिथे ती त्या पैशात असं काही देते जे कॅनन देत नाही. १७-५० एफ २.८ ते देते, म्हणून ती टॅमरॉनची घ्या. लांब पल्ल्यात मात्र तुमच्या बजेटला कॅननचीच ही लेन्स टॅमरॉनच्या स्वस्त ७०-३०० ला सहज मागे टाकते. स्थिरीकरण आहे, फोकस शांत आणि चपळ, वजन ३७५ ग्रॅम, म्हणजे ए००५ च्या निम्मं. २५० आणि ३०० मधला फरक आकड्यात मोठा वाटतो, फोटोत पक्षी १.२ पटच मोठा दिसतो. २४ मेगापिक्सेल आहेत, तेवढं कापून घेता येतं. घेताना ‘एसटीएम’ अक्षरं बघूनच घ्या, त्याआधीच्या ५५-२५० वेगळ्या आहेत.

सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० चे फोटो बघून मन विटवून घेऊ नका. त्या दोन किलोच्या आसपासच्या लेन्स, तुमच्या आजच्या बजेटचा प्रश्नच नाही.

प्रतिसाद: आधी पाहा, मंग पैसे द्या

भाऊ, कुरिअरनं मागवू नका. नागपूरले जा, सीताबर्डीत दुकानं हायेत, लेन्स हातात घ्या. आपला कॅमेरा आन् मेमरी कार्ड संगं न्या.

मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं मारा आन् समोरून तिरकं पाहा. धुळीचे दोन-चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ते बुरशी हाये, लेन्स परत ठेवा, कितीही स्वस्त देत असला तरी. सगळे स्क्रू पाहा, डोकं घासलेलं असंल तर कोणीतरी उघडली हाये. मंग रस्त्यापलीकडच्या पाटीचे फोटो काढा, प्रत्येक पल्ल्यावर, उघड्या छिद्रानं एक आन् एफ ८ नं एक. पाटीची डावी बाजू साफ आन् उजवी पुसट आली तर आतली काच सरकली हाये. दुकानातच मोठं करून पाहा, घरी येऊन नाही.

धागाकर्ता: ठरलं

५५-२५० एसटीएम आणि टॅमरॉन १७-५० ए१६, दोन्ही जुन्या. नागपूरच्या दोन दुकानांत फोनवर विचारलं, दोन्ही मिळून अठराच्या आत बसतात. रविवार सोडून जाईन.

शेवटचा प्रश्न. आमचं घर कौलारू आहे, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. लेन्स ठेवू कशी?

प्रतिसाद: साठवण

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, रबराची कड असलेला. तळाशी रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे कापडी पुरचुंडीत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन तृप्त झाले समजा, जुन्या कढईत अगदी मंद आचेवर गरम करा, परत निळे होतात. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. मळणीच्या दिवसांत डबा घरातच ठेवा, झूम लांब-आखूड करताना भुसा आत ओढला जातो. आणि कॅमेऱ्याच्या कापडी बॅगेत पावसाळाभर लेन्स अजिबात ठेवू नका, कापड ओल धरतं आणि बुरशी तिथेच लागते.