मदत हवी आहे: टॅरोतल्या दरबारी पत्त्यांवर वहीत काय लिहायचं?

नमस्कार मंडळी. भविष्य बघायला नाही, तर आपल्या मनात काय चाललंय ते उमगावं म्हणून मी टॅरोचे चित्रपत्ते वापरते. सकाळचा चहा झाला की एक पत्ता काढते आणि वहीत चार ओळी लिहिते. डेक रायडर-वेट, १९०९चा, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला. त्यात आकडी पत्त्यांवरही प्रसंग रंगवलेत, म्हणून तो मला फार आवडतो.

फोर ऑफ कप्सच घ्या. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, समोर तीन पेले, ढगातून आलेला हात चौथा पुढे करतोय आणि याचं लक्षच नाही! हा पत्ता आला की मी स्वतःला विचारते, "आज मी कशाकडे बघायचं टाळतेय?" मग लिखाण भरभरून होतं.

पण पेज, नाइट, क्वीन, किंग हे दरबारी पत्ते आले की गाडी अडते. ती माणसं म्हणजे मी की आजूबाजूचे लोक? उलट्या आलेल्या पत्त्याचा अर्थ तुम्ही वेगळा घेता का? शिवाय ऑरेकल कार्डावर (टॅरोसारखेच, पण ठरावीक रचना नसलेले पत्ते) बहुतेक वेळा संदेश छापलेलाच असतो. तो वाचला की माझा विचार तिथेच थांबतो. दोन्ही वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, आधी कोणतं काढता? तुमच्या वहीतल्या दोन-चार ओळी दाखवल्यात तर फार मदत होईल.