ड्रॉप-ऑफ: कड आली की पुढचं चाक धपकन खाली जातंय, कुठं चुकतंय?

रंकाळा_राऊंड:
मंडळी, ड्रॉप-ऑफवर, म्हणजे वाटेतल्या उभ्या कडेवरनं खाली उतरण्यावर, गाडी अडकलीय. सायकल २९ इंची हार्डटेल (मागं सस्पेन्शन नाही), पुढं १०० मिमी दबणारा कॉइल, म्हणजे स्प्रिंगचा फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, २.२५ चे टायर, आत ट्यूब. वजन ७२ किलो. फुटपाथची कड सहज उतरते. पण कोल्हापूरजवळच्या मसाई पठाराकडं जाताना जांभ्याच्या फूट-दीड फुटाच्या कडा लागतात, तिथं सगळं बिघडतं. कड जवळ आली की बोटं ब्रेकवर जातात, पुढचं चाक धपकन पडतं, सीट मागनं ढकलते आणि आता हँडलवरनं पलीकडं जाणार असं वाटतं. वेग किती ठेवायचा? अंग मागं किती घ्यायचं? या सायकलला उंची किती झेपेल? आणि शहरात सरावाला काय करता येईल?

घाटवळण:
सीट खाली, वजन मागं, ब्रेक सोड. संपला विषय.

जांभा_एकोणतीस:
सीट आणि ब्रेक बरोबर. ‘वजन मागं’ एवढंच सांगितलं की मात्र घोळ सुरू होतो, कारण ते कधी आणि कशासाठी हे कुणी सांगत नाही.

आधी वेगाचं बघ. पुढचं चाक कड सोडतं तेव्हा मागचं अजून वरच असतं. मागचं चाक कडेपर्यंत येईस्तोवर पुढचं अधांतरी. २९ च्या हार्डटेलला दोन चाकांतलं अंतर साधारण ११५ सेंमी धर. ताशी ६ किमीनं गेलास तर पुढचं चाक जवळजवळ ०.७ सेकंद अधांतरी राहतं. ताशी १५ नं गेलास तर ०.२८ सेकंद. पहिल्या वेळेत चाकाला खाली झुकायला भरपूर सवड मिळते, दुसऱ्या वेळेत ते झुकायला लागेपर्यंत मागचं चाकही सुटलेलं असतं आणि सायकल आडवीच्या आडवी खाली येते. म्हणजे भीतीपोटी वेग कमी करणं हेच पडायचं मुख्य कारण. कडेवर ब्रेक धरला तर ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ हे अगदी शब्दशः खरं होतं. फूट-दीड फुटाला १२ ते १५ चा वेग पुरे. पळत जाणाऱ्या माणसाइतका.

ब्रेक मारायचाच असेल तर कडेच्या चार-पाच मीटर अलीकडं मारून घे आणि तिथं पूर्ण सोड. एकेक बोट लिव्हरवर ठेवलेलं चालतं, दाबायचं नाही.

आता अंग. कडेकडं येताना पैलवानाचा पवित्रा घ्यायचा: पेडल आडवे, दोन्ही पाय एका पातळीत, गुडघे आणि कोपरं वाकलेली, कोपरं बाहेर काढलेली, छाती हँडलवर उतरलेली, कंबर सीटच्या वर, वजन पायांवर. हातांवर वजन जवळजवळ नको. अंग या वेळी मधोमध आहे, मागं नाही. हे लक्षात ठेव.

पुढचं चाक कडेवर पोचलं की हँडल पुढं ढकलायचं. वर ओढायचं नाही, पुढं. हात सरळ होत जातात, त्याच वेळी कंबर मागं आणि जरा खाली जाते, पाय पेडल पुढं रेटतात. सायकल तुझ्या खालनं पुढं सरकते, तू तिथल्या तिथं राहतोस. वजन मागं जातं ते एवढ्या झटक्यापुरतं.

‘वजन मागं’ ऐकणारा काय करतो? दहा फूट आधीच ढुंगण मागच्या टायरवर नेऊन हात ताणून बसतो. हात आधीच सरळ, त्यामुळं ढकलायला काही शिल्लकच नाही. पुढचं चाक खाली गेलं की हँडल हातांना ओढतं, हात छातीला ओढतात आणि गडी थेट पुढं. शिवाय पुढच्या चाकावर वजन नसल्यानं कडेआधीचं वळण किंवा दगड चुकवणंही जमत नाही. मागं बसूनच माणूस हँडलवरनं जातो, हे ऐकायला उलटं वाटतं, पण घडतं ते असंच.

वेळ थोडी हुकली तरी कळतं. लवकर ढकललंस तर पुढचं चाक हलकं होऊन कडेच्या आतच परत टेकतं. उशीर केलास तर ते आधीच खाली गेलेलं असतं. वेग जास्त असेल तर ढकलणं कमी लागतं, कमी असेल तर जास्त.

हवेत असताना पाय जरा सैल होऊन लांब होतात, म्हणजे खाली टेकताना गुडघ्यांना वाकायला जागा राहते. खाली उतार असेल तर दोन्ही चाकं एकदम, किंवा पुढचं केसभर आधी टेकलं तरी चालतं. खाली सपाट असेल तर दोन्ही एकदम किंवा मागचं जरा आधी. मागचं फारच आधी टेकलं तर पुढचं चाक आपटतं आणि मनगटांना झटका बसतो. दोन्ही टेकून टायर स्थिर झाल्यावरच ब्रेक.

नजर कडेवर ठेवू नकोस. कड दिसली, ओळ ठरली, की डोळे खाली जिथं टेकायचं तिथं आणि तिथनं पुढं.

ढिला_बोल्ट:
वर अंगाचं झालं, मी सायकलचं सांगतो.

सायकलच्या माहितीपुस्तकात वापराची श्रेणी दिलेली असते, बऱ्याचदा फ्रेमवर स्टिकरही असतो. एएसटीएम या अमेरिकन संस्थेच्या एफ२०४३ मानकात श्रेणी २ ला ड्रॉपची मर्यादा १५ सेंमी, श्रेणी ३ ला ६१ सेंमी, श्रेणी ४ ला १२२ सेंमी आहे. ‘एमटीबी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त सायकली कित्येकदा श्रेणी २ मध्येच बसतात. तुझी श्रेणी ३ असेल तर दीड फूट, म्हणजे ४५ सेंमी, मर्यादेत आहे. श्रेणी २ असेल तर हा नाद या सायकलवर नको. हँडलखालच्या उभ्या नळीला (हेड ट्यूब) पेडलकडं जाणारी तिरकी नळी (डाउन ट्यूब) जोडते त्या वेल्डिंगजवळ रंगाला केसासारखी चीर दिसली तर चालवणं बंद.

सीट: चढाला ठेवतोस त्यापेक्षा ८ ते १० सेंमी खाली. सीटपोस्टवर (सीटचा दांडा) इन्शुलेशन टेपनं दोन खुणा करून ठेव, एक चढाची, एक उताराची. ड्रॉपर (बटण दाबून खाली जाणारी सीटपोस्ट) नसला तरी काम भागतं. तुला मागनं ढकलते ती सीट उंच आहे म्हणूनच. कंबरेला मागं-खाली जायला वाटच नाही.

फोर्कचा लॉकआउट (फोर्क दबू न देणारी खटकी) उघडा आहे ना बघ. उजव्या बाजूची खटकी बंद राहिली की फोर्क काठीसारखा होतो, आणि सडकेवरनं आल्यावर ती हमखास बंदच असते. कॉइल फोर्कचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी फिरकी) घट्ट करून स्प्रिंग कडक होत नाही, फक्त वर बसल्यावर फोर्क किती खचतो ते बदलतं. स्टँचनला (फोर्कची आत-बाहेर सरकणारी नळी) केबल टाय सैलसर बांध, पवित्र्यात उभा राहा, उतरून माप घे. १०० मिमीत २० ते २५ मिमी खचला की ठीक. दीड फुटाला फोर्क रोज तळाला ठोकत असेल तर स्प्रिंग तुझ्या वजनाला मऊ आहे.

हवा: ७२ किलोला ट्यूबसह पुढं २७-२८, मागं ३०-३२ पीएसआय. याखाली गेलास तर टेकताना टायर रिमपर्यंत दबून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापानं डसल्यासारखी. आणि ४० भरलीस तर टायर चेंडूसारखा उडतो. अंगठ्यानं दाबून अंदाज घेऊ नकोस, गेज वापर.

चेन मागच्या मधल्या दातचक्रावर ठेव, म्हणजे ती सैल लोंबत नाही. पुढं दोन-तीन चेनरिंग (पेडलजवळची दातचक्रं) असतील तर मोठी चेनरिंग कडेला आधी घासते. नवी कड दिसली की सायकल हातानं ढकलत तिच्यावरनं उतरवून बघ. चेनरिंग न घासता पुढचं चाक खाली टेकलं तर ती कड सावकाश घरंगळत उतरता येते. घासली तर हँडल पुढं ढकलूनच उतरायची, मधला पर्याय नाही.

शेवटी स्टेमचे (हँडल धरून ठेवणारा तुकडा) बोल्ट. त्यांवर न्यूटन-मीटरचा आकडा छापलेला असतो, बहुतेक ५ ते ६. पुढचा ब्रेक धरून सायकल मागं-पुढं हलव, हेडसेटमध्ये (हँडलखालची बेअरिंग) खट्‌ खट्‌ लागली तर आधी ती काढ.

रंकाळा_राऊंड:
स्टिकर श्रेणी ३ चा निघाला. लॉकआउट बंदच होता. 🙈 अजून एक, टेकताना पाय पेडलवरनं उडतात. आणि सरावाला कड कुठनं आणू?

पॅलेटवाला:
पाय उडतात कारण टाचा वर असतात आणि गुडघे ताठ. टाचा खाली पाड, पाय पेडलला पुढं-खाली रेटत राहा. पिना असलेले फ्लॅट पेडल आणि सपाट रबरी तळाचा बूट घे. कोल्हापुरी जगात भारी, पण पेडलवर नाही. क्लिपवाले पेडल या टप्प्यावर नकोत. पाय उडण्याचा दोष त्यांत झाकला जातो आणि चुकलास की सायकल पायाला अडकून येते.

सरावाची सुरुवात कडेशिवाय. मोकळ्या मैदानात खडूनं एक रेघ ओढ. १२-१५ च्या वेगानं उभ्यानं ये, रेघेआधी गुडघे-कोपरं वाकवून खाली दब, चाक रेघेवर आलं की हँडल पुढं ढकल. पुढचं चाक उचललं गेलंच पाहिजे असं नाही, हलकं झाल्याचं हाताला कळलं की बस. असं २०-२५ वेळा, दोन-तीन दिवस.

मग पॅलेट. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या बाजूला भंगारवाल्यांकडं जुने लाकडी पॅलेट मिळतात. एक पॅलेट साधारण ५-६ इंच उंच. दोन पॅलेट एकापुढं एक लाव, म्हणजे सव्वादोन-अडीच मीटरचा सलग कट्टा होतो. एकच ठेवलास तर मागचं चाक चढावर असतानाच पुढचं सुटतं आणि सराव चुकीचा होतो. दोन्ही चाकं आधी कट्ट्यावर सपाट आलीच पाहिजेत. वर १२ मिमीचं प्लाय ठोक, नाहीतर फळ्यांच्या फटीत चाक अडतं. चढायला मागं एक फळी. वर आलेले खिळे आधी ठोकून घे आणि पॅलेट एकमेकांना काथ्यानं घट्ट बांध, वजन आलं की ते सरकतात.

सहा इंचांवर सलग पाच वेळा स्वच्छ उतरलास की पॅलेटवर पॅलेट ठेवून फूटभर. आवाज ऐक. सपाटीवर टेकताना एकच ‘धप’ आला तर दोन्ही चाकं एकदम आली. ‘धप-धप’ आला तर एक आधी पडलं. फोन विटेला टेकवून बाजूनं स्लो मोशनमध्ये शूट कर आणि एकच गोष्ट बघ: पुढचं चाक कड सोडतं त्या क्षणी कोपरं वाकलेली आहेत की ताठ. ताठ असतील तर तू अजून आधीच मागं जातोयस.

पाय थरथरायला लागले की थांब. दमलेला माणूस हटकून उशिरा ढकलतो. हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड आणि बोटं झाकणारे हातमोजे पॅलेटलाही घालायचे, आणि अंगठा हँडलखालनं गुंडाळलेला पाहिजे.

जांभा_एकोणतीस:
डोंगरावर जायच्या आधी खालच्या जागेचं माप घे. दीड फुटावरनं ताशी १५ नं सुटलास तर मागचं चाक कडेच्या पायथ्यापासून सव्वा मीटरवर टेकतं, पुढचं त्याच्याही ११५ सेंमी पुढं. म्हणजे जवळजवळ अडीच मीटर स्वच्छ जागा नुसती टेकायला, शिवाय थांबायला चार-पाच मीटर. पावलांनी मोज. त्या पट्ट्यात दगड, खड्डा, झुडपाचं खोड असेल तर ती कड सोडून दे.

जांभ्याचं वेगळंच असतं. कड वरनं भक्कम दिसते, पण खालनं पोखरलेली असते आणि वजन आलं की तुकडा निघतो. टाचेनं दोन-चार लाथा घालून बघायचं. त्याच्या भोकाभोकांच्या धारा टायरची बाजू कापतात, म्हणून कडेला घासत जाऊ नकोस. पावसाळ्यात शेवाळ धरलं की ब्रेक असून नसल्यासारखा. मार्च ते मेमध्ये वर मुरमाचे बारीक खडे पसरतात, त्यावर टेकताना चाक गोट्यांवर पडल्यासारखं सरकतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमीन ओलसर आणि दाबलेली असते, शिकायला तेव्हा या. पठारावर फुलं असतील तर मळलेली वाट सोडू नका.

पन्हाळ्याच्या पायऱ्या आणि तटबंदीवर मात्र चाकच घालायचं नाही. संरक्षित किल्ला आहे, २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीतही गेलाय. जोतिबाला रविवारी आणि चैत्र यात्रेत पायी जाणाऱ्यांची गर्दी असते, उतारावर त्यांच्यात घुसू नका.

घाटवळण:
माझं ‘वजन मागं’ मागं घेतो. 😄 एक विचारतो, कड तिरकी असेल तर? आणि शेताच्या बांधावरनं उतरलं तर चालतं का?

जांभा_एकोणतीस:
तिरक्या कडेला शक्य तितकं काटकोनात जायचं. तिरपं गेलं की पुढचं चाक सुटल्यावर मागचं कडेलगत घसरतं आणि सायकल हवेतच आडवी होते. वळून काटकोनात यायला जागा नसेल तर उतरून ढकल.

बांध दुसऱ्याचा, विचारल्याशिवाय नाही. विचारलं तरी खाली नांगरलेली काळी माती असेल तर नको, पुढचं चाक रुततं आणि सायकल जागच्या जागी थांबते, तू थांबत नाहीस. उन्हाळ्यात त्याच मातीच्या भेगेत चाक धरलं जातं. ऊस तोडल्यावर पाचट पसरलेलं असेल तर खाली भेग, दगड की सरी काहीच दिसत नाही. आधी काठीनं चाचपून बघ.