जुन्या रीफ टँकमधला (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला) सगळा रॉक एकाच दिवशी बदलावा, हप्त्याहप्त्याने नाही. पटतंय का?

खारट_ठाणेकर
३०० लिटरची टाकी आहे, सहा-सात वर्षं चाललेली. रॉकवर ब्रायोप्सिस या चिवट शेवाळाचं जंगल, फटीफटीत एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफुलं), आणि फॉस्फेट असा की जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) लावला की उतरतो, काढला की परत ०.४ पीपीएमवर. पाणी बदलून उपयोग नाही कारण रॉकच फॉस्फेट पिऊन बसलाय, पाण्यातला कमी झाला की तो सोडायला लागतो. आता जो तो सांगतो की महिन्याला एक-दोन दगड बदल, सायकल (अमोनिया पचवणाऱ्या बॅक्टेरियांचं चक्र) मोडणार नाही. अरे पण जुन्या दगडावरचं ब्रायोप्सिस नव्या दगडावर चढणारच ना, मग बदललं काय? माझं मत असं की सगळा रॉक एका दिवसात बाहेर आणि धुऊन तयार केलेला ड्राय रॉक (कोरडा, जीव नसलेला) आत. बॅक्टेरियासाठी संपमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) सिरॅमिक मीडिया (सच्छिद्र तुकडे) दिवाळीच्या आधीपासून टाकून ठेवलाय. जुना रॉक उकळून, वाळवून ठेवीन, पुढे लागला तर.

सोनमोती
अजिबात पटलं नाही. सायकल सायकल काय करताय सगळे, अमोनिया खाणारे बॅक्टेरिया मीडियावर सहज सांभाळता येतात, तो मुद्दाच नाहीये. जुन्या रॉकवर कोरलाइन (कडक जांभळं शेवाळ) असते, स्पंज असतात, किडे, पॉड्स (बारीक कवचधारी जीव), हजार प्रकारचे जीव जागा अडवून बसलेले असतात. ती जागा एका दिवसात मोकळी केलीत की तिथे पहिलं कोण येणार? आधी डायटमचा तपकिरी थर, मग केसाळ शेवाळ, आणि त्या भीतीने नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणलात तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी चिकट थर). डायनो एकदा बघा, मग ब्रायोप्सिसची आठवण येऊन रडाल. बाकी सगळं सोडा, तुमच्याकडे मँडरिन मासा आहे ना? तो दिवसभर रॉकवर पॉड्स टिपत फिरतो. कोऱ्या रॉकवर काय खाणार तो, हवा?

दर्यासारंग
ठाणेकर दादांशी सहमत, पण अर्धाच. आधी ठरवा की रॉक बदलताय कशासाठी. फॉस्फेटसाठी बदलत असाल तर हप्त्याने चालेल, प्रत्येक दगडाबरोबर साठा कमीच होतो, घाई कशाला. पण उपद्रवी शेवाळ आणि एप्टेशियासाठी बदलत असाल तर हप्त्याने बदलणं म्हणजे ढेकणाच्या खाटेची एकेक पट्टी बदलणं. लोक ही दोन कारणं एकत्र कालवतात आणि मग वर्षभर भांडत बसतात.
आणि सगळा काढलात तरी कोरल्सचं काय? दगडाला चिकटलेले एलपीएस (मोठ्या पॉलिपचे दगडी प्रवाळ), झोआ (फुलांसारखे मऊ जीव) बोन कटरने कापून नव्या प्लगवर (छोट्या बैठकीवर) सुपरग्लू जेलने लावायला लागतील. त्या कापलेल्या तुकड्याच्या बुडाला बोटभर जुना दगड राहिला की ब्रायोप्सिस त्याच गाडीने परत येणार. हे काम एका दुपारचं नाही.

एकमेव_टँग
अहो पण रॉक बदलायच्या आधी फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) करून बघितलं का कोणी विचारलं नाही त्यांना? ब्रायोप्सिसवर रामबाण आहे. लिटरला ५ मिलीग्रॅम धरतात, म्हणजे ३०० लिटरला १५०० मिलीग्रॅम, १५० च्या दहा गोळ्या. औषध माणसांचं आहे आणि चिठ्ठीशिवाय घेऊ नये, हेही सांगून ठेवतो. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवायचा, दोनेक आठवडे पाणी बदलायचं नाही. साध्या केसाळ शेवाळावर मात्र फार चालत नाही, त्यामुळे आधी खात्री करा की ते ब्रायोप्सिसच आहे, बारीक पिसासारखं दिसतं ते. एप्टेशियाला पेपरमिंट श्रिंप (कोळंबी) किंवा बर्घिया (समुद्री गोगलगाय), दोन्ही ते खातात. हे दोन्ही जमलं तर तुमचा निम्मा धागा इथेच संपतो, उरला फॉस्फेट, तो हळूहळू.

खारट_ठाणेकर
@एकमेव_टँग दादा, फ्लुकोनॅझोल झालंय एकदा. ब्रायोप्सिस गेलं आणि काही महिन्यांनी आलं. पेपरमिंटने मोठ्या एप्टेशियाला हातच लावला नाही, बारीक बारीक तेवढ्या खाल्ल्या.
@सोनमोती ताई, मँडरिनचा मुद्दा मान्य. बाकीच्या गोष्टी मात्र सहा महिन्यांत परत येतातच.

सोनमोती
कुठून येतात? आकाशातून? जुन्या रॉकमधूनच येतात ना. तोच तुम्ही बाहेर फेकताय.

कोकणचो_झील
एवढो विचार कित्या करतास? मालवणाक ये, किनाऱ्यार पायजे तेवढो खडक पडलोहा, दोन गोणी भरून ने.

दर्यासारंग
झीला, गंमत म्हणून ठीक, पण कोणी खरं धरेल म्हणून लिहितो. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीत. मेलेला सांगाडा उचलला तरी अंगाशी येऊ शकतं. आणि प्रवाळ सोडून तिथे मिळणार काय, एक काळा पाषाण नाहीतर जांभा. जांभ्यात लोह भरलेलं, शेवाळाला मेजवानीच ती. कायद्याच्याच कारणाने दुकानात कोणी "खरा लाइव्ह रॉक" (समुद्रातून जीवांसकट आलेला) म्हणून विकत असेल तर तो आला कुठून ते विचारा. आपल्याकडे कृत्रिम ड्राय रॉक नाहीतर सिरॅमिक हेच सरळ पर्याय.

न्यूजर्सीचा_खारवी
इकडे अमेरिकेत, फ्लोरिडात समुद्रातून नैसर्गिक लाइव्ह रॉक काढायला नव्वदच्या दशकातच बंदी आली, तेव्हापासून लोक भाडेपट्ट्याच्या जागेवर समुद्रतळाशी चुनखडीचे दगड टाकतात, काही वर्षांनी त्यावर जीव वसले की काढून विकतात. मी नवीन रॉक टाकताना तसला थोडा मिसळला. सोनमोतींनी सांगितलेला जीवांचा सगळा बाजार त्यात आयता मिळतो, सोबत खेकडे आणि मँटिस श्रिंपसुद्धा फुकट, तो भाग वेगळा. तुमच्याकडे तो मिळणार नाही, पण एखाद्या मित्राच्या स्वच्छ टाकीतला मूठभर रॉक संपमध्ये ठेवला तरी बीज मिळेल. "स्वच्छ" मात्र डोळ्यांनी बघून ठरवा, मित्राच्या शब्दावर नको.

पाणीपरीक्षक
सगळे वाद घालताय आणि त्यातली सगळ्यात भयंकर ओळ कोणी वाचलीच नाही. जुना रॉक उकळू नका. त्याच्यावर झोआ, पॅलिथोआ (झोआचेच भाऊबंद) आहेत. पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं आणि ते उकळून नष्ट होत नाही, वाफेबरोबर घरभर पसरतं. रॉक उकळल्यामुळे अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात गेल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकघरात तर नाहीच नाही. घासताना, कापतानासुद्धा हातमोजे आणि चष्मा, आणि ब्रशने कोरडं खरवडायचं नाही. जुना रॉक ठेवायचाच असेल तर आधी झोआ काढून घ्या, मग गॅलरीत झाकणाच्या पिंपात पाण्यात बुडवून अंधारात पडू दे महिनोन्महिने. वास येईल, शेजाऱ्यांना आधी सांगा.
दुसरं, वाळू. रॉक उचललात की खालची सहा वर्षांची घाण वर येणार. जाड थर असेल तर सल्फाइड पण. तेव्हा मासे टाकीत ठेवून रॉक हलवायचा विचार सुद्धा करू नका. मासे वेगळ्या पिंपात, त्यात टाकीचंच पाणी, हीटर, पंप. अमोनिया दोन-तीन दिवस रोज मोजा, खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, तिथे थोडा अमोनियाही जास्त विषारी ठरतो.

खारट_ठाणेकर
उकळायचं रद्द. हे खरंच माहीत नव्हतं, बायको वाचून गेली आणि पातेलं कपाटात कुलूपबंद झालं.
पण एका दिवसात बदलायचं मत कायम आहे. वाळूही काढतो. सिरॅमिक मीडियावर ब्रायोप्सिसचा धागा चढला असेल या शंकेने तो आता अंधारात ठेवलाय. फॉस्फेट शून्यावर नेणार नाही, ०.०५ च्या आसपास ठेवीन, डायनोचा मुद्दा लक्षात आहे. राहिला मँडरिन. कोणाकडे जुनी, पॉड्सने भरलेली टाकी असेल आणि चार-सहा महिने पाहुणा चालणार असेल तर सांगा.

सोनमोती
माझ्याकडे पाठवा. मत माझं बदललेलं नाही, मँडरिनची काय चूक त्यात. पण एक आहे, सहा महिन्यांनी तुमच्या टाकीत पॉड्स दिसले नाहीत तर परत देणार नाही.