दारू "रोज" पिता का? फॉर्म भरताना अडले आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मी आशा म्हणून काम करते. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका बघायची प्रश्नावली, भरावा लागतो. वय, कमरेचा घेर, तंबाखू, दारू, घरात कोणाला शुगर-बीपी. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचं. त्यात दारूचा प्रश्न एकच: रोज पिता का? हो म्हटलं तर एक गुण, नाही तर शून्य.

"मी कुठं रोज पेतो बाई? बजाराच्या दिवशीच." हे उत्तर मी इतक्यांदा लिहिलंय! बजाराच्या दिवशी काय होतं ते त्याची बायको मला गिरणीवर दळण घेताना सांगते. जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी, त्यामुळे हो म्हणायला माणूस भितो, हेही कळतं. पण शून्य लिहिताना माझा हात अडतो.

२०२५ पर्यंत दारूचं सेवन १० टक्के आणि मीठ ३० टक्के कमी करायचं, असं देशाचं उद्दिष्ट होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाचे पिणारे पुरुष २९ टक्क्यांवरून २२ वर आले (२०१५-१६ ते २०१९-२१). आकडा खरा असावा असं फार वाटतं. पण तोही असाच विचारून घेतलेला, म्हणून मन खात राहतं.

मिठाचं सांगणंही अवघडच. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. इथे ठेचा आहे, लोणचं आहे, आणि दारूसोबत खारी शेव. वावरात सोयाबीन आलं तशी घरची ज्वारी कमी झाली, आता रेशनचा तांदूळ-गहू. पिणारा तर रात्री मूठभर फुटाण्यांवरच झोपतो. त्याला डाळ-भाजीचं प्रमाण काय सांगू?

एक गोष्ट मात्र झोपू देत नाही. गावातल्या एका काकांनी घरच्यांच्या आग्रहाने दारू एका दिवसात सोडली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, नसलेली माणसं दिसायला लागली. घरचे म्हणाले बाहेरचं लागलं, आणि आधी देवऋषाकडे नेलं. दवाखान्यात पोचले, वाचले. "सोडा" असं त्यांना मीही म्हटलं होतं.

कसं विचारू, आणि सोडायचं कसं सांगू? गावात हे काम केलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद, ग्रामीण रुग्णालयात काम केलेली परिचारिका

ताई, चूक तुमची नाही. फॉर्मचं उत्तर मिळेल तसंच लिहा, पण वहीत तीन प्रश्न वेगळे विचारा: किती वेळा पिता, त्या दिवशी किती, आणि एका बैठकीत खूप जास्त असं किती वेळा होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या, दारूची सवय तपासायच्या "ऑडिट" नावाच्या प्रश्नावलीतले पहिले तीन प्रश्न हेच आहेत. सुरुवात जेवणापासून करा: "बजाराच्या रात्री काय जेवले, भाऊ?" तिथून माणूस आपसूक बोलतो.

रोज भरपूर पिणाऱ्याला घरी एकदम सोडायला कधीच सांगू नका. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो. त्यात जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीत औषधं देऊन आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन सोडवतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी १४४१६, दोन्ही फोन फुकट. घरच्या बाईलाही हे नंबर द्या.

धागाकर्ती

खूप आभार ताई. नंबर आजच गिरणीत लावते. "किती" विचारायचं तर इथे पेग कोणी मोजत नाही, ग्लास आणि पन्नी (दारूची प्लास्टिकची पिशवी). तो ग्लास किती मिलीचा भरतो ते उद्या औषधाच्या मापाने पाणी ओतून बघते. मोहाच्या दारूचा हिशेब असा कोणी लावला असेल तर सांगा.