एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांच्या बालगृहातल्या नोंदी: काय ठेवू, काय गाळू?

गृहमाता, मुंबई उपनगर
नमस्कार. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांच्या बालगृहात मी सोळा वर्षं गृहमाता आहे, येत्या मे महिन्यात थांबतेय. मी आले तेव्हा जेवायला चाळीसच्या वर ताटं मांडायला लागायची. आता अकरा. याचा आनंदच आहे. गरोदर बायकांची तपासणी होते, कुणी पॉझिटिव्ह निघाली तर तिला लगेच कायमची औषधं सुरू होतात, त्यामुळे बाळाला लागण होणं खूप कमी झालंय. पण आमचं घर आता बंद होण्याच्या वाटेवर आहे, आणि कार्यकारिणी म्हणते, ताई, सगळं लिहून काढा.

रजिस्टरं आहेतच. वजन, सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींची मोजणी), औषध कधी बदललं, सगळं तारखेनिशी. पण माझ्या लेखी खरा ठेवा म्हणजे एक दोनशेपानी वही. पूर्वी मुलांच्या रात्रीच्या औषधात एफाविरेन्झ असायचं. त्याने स्वप्नं पडतात, अगदी डोळ्यांसमोर घडल्यासारखी. सकाळी पोहे खाताना पोरं तेच सांगत बसायची. एकाची हार्बर लोकल वाशीच्या खाडीत उतरून पोहत पोहत पलीकडे निघायची. एका मुलीला आई दिसायची, दर वेळी वेगळ्या साडीत. ती दीड वर्षाची असताना आई गेली, घरात फोटोसुद्धा नव्हता. मी ऐकता ऐकता लिहायला लागले. पुढे त्याच्या जागी डोल्युटेग्राव्हिर हे औषध आलं आणि स्वप्नं आटली. वहीतली शेवटची नोंद २०२१ ची आहे.

ही वही पुस्तकात यावी असं फार वाटतं. नावं बदलली तर चालेल का? आणि फोटोंचं काय करू? गणपतीचे, सहलीचे ढीगभर आहेत, पण बहुतेक सगळे पाठमोरे.

वकील, बालहक्कांचं काम
ताई, नुसती नावं बदलून भागणार नाही. किशोर न्याय कायदा २०१५, कलम ७४ पाहा. नाव, पत्ता, शाळा किंवा मूल ओळखू येईल असा कुठलाही तपशील छापता येत नाही, फोटोही नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासाने तुम्हाला कळलेली कुणाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि संमतीची लेखी नोंद लागते.
घोळ कुठे होतो सांगते. आईचं गाव, वडिलांचा धंदा आणि मूल संस्थेत आलं ते साल, या तीन गोष्टी एका पानावर आल्या की नातेवाईक बरोबर ओळखतात. सीडी-४ चे आकडे पुस्तकात मुळीच नकोत. जी मुलं आता अठरा पूर्ण आहेत, त्यांना मात्र स्वतःला विचारता येईल.

निवृत्त समुपदेशक, एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) सेंटर
तुम्ही रुजू होण्याआधीचा काळही लिहा, नाहीतर तो पुसला जाईल. सरकारने मोफत औषधं एप्रिल २००४ मध्ये सुरू केली, जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक. पण मुलांसाठीची वेगळी औषधं यायला २००६ ची अखेर उजाडली. तोवर मोठ्यांच्या गोळ्या मोडून द्यायचो. अर्धी, पाव. गोळी नीट तुटली नाही की डोस चुकेल म्हणून माझ्या पोटात गोळा यायचा. तेव्हा ज्या मावशी हे करायच्या, त्या असतील तर आजच त्यांच्याशी बोला.
फोटो वस्तूंचे घ्या. रात्री आठचा गजर लावलेलं घड्याळ, लेबलं खरवडून काढलेल्या डब्या. आणि चेहऱ्यावर काळी पट्टी कधीच नको. तिने मूल गुन्हेगारासारखं दिसतं.

अशाच एका घरात वाढलेली, वय २४
मी तुमच्या घरातली नाही, पण वाचून रडले. अठरानंतर अनुरक्षण गृहात जाताना मला एक फाइल मिळाली. आधार कार्ड, दहावीची मार्कशीट, एआरटीचं पुस्तक. माझा पहिला दात कधी पडला, मी कशाला घाबरायचे, हे कुठेच नाही. आता लग्न ठरतंय. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, कित्येक वर्षं तपासणीत सापडत नाही, त्याला सगळं माहीत आहे. त्याने सहज म्हटलं, लहानपणीचा एखादा फोटो दाखव ना. माझा एकच फोटो आहे, एका देणगीदाराच्या कॅलेंडरवरचा, पाठमोरा. फ्रॉकवरून मी स्वतःला ओळखलं. आमची ओळख लपवायची म्हणून फोटो काढलेच नाहीत. अहो, छापू नका, पण काढून आमच्याजवळ तरी द्यायचे होते.
पुस्तक नंतर करा, मावशी. ज्याचं स्वप्न आहे त्याला आधी ते द्या. त्या मुलीला माहीत तरी आहे का, की तिची आई तुमच्या वहीत आहे?

गृहमाता, मुंबई उपनगर
सगळ्यांचे आभार. बाळा, तुझं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. तिला माहीत नव्हतं. काल फोन केला. ती आता पुण्याला नोकरी करते. पुस्तकाचा विषयच काढला नाही, वहीत तिची सतरा स्वप्नं सापडली ती एकेक करून वाचून दाखवली. मधेच थांबवून म्हणाली, "मावशी, हिरवी साडी किती वेळा आहे?"
पाच वेळा. मोजून सांगितलं.
आता प्रत्येकाची स्वप्नं वेगळ्या वहीत हाताने उतरवतेय. तिची झाली. लोकलवाल्याची निम्मी झालीय.