इंदूरच्या गच्चीवर सेम्परव्हिवम जगेल का? ६०० रुपयांत काय घ्यावं?

गच्चीवरची_तुळस:
नमस्कार मंडळी. तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेला उघडी गच्ची आहे, दुपारी एकपासून कडक ऊन. आल्प्समध्ये दगडांच्या फटीत उगवतं ते सेम्परव्हिवम, जाड पानांच्या गुच्छाचं छोटं रोप, लावायचं आहे. कुंडी-मातीसकट ६०० रुपये, वर एक पैसा नाही. ते म्हणे उणे तापमानातही टिकतं, मग आपल्याकडे का नाही? कुठली जात घ्यावी?

मालव्यातला_माळी:
थंडीचा प्रश्नच नाही, बर्फाखालीही ते जगतं. प्रश्न उन्हाळ्यातल्या रात्रींचा आहे. हे रोप दिवसा पानांची छिद्रं मिटून पाणी राखतं आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं. त्यासाठी रात्र गार हवी. मे महिन्यात इथे दिवसा ४० आणि रात्रीही २५ च्या आसपास. मग ते वाढ थांबवतं, पानं आत मिटून घेतं. आपल्याला वाटतं तहानलंय, आपण पाणी घालतो, आणि बुंधा सडतो. एप्रिल ते जून १० ते १२ दिवसांनी, तेही संध्याकाळी, कुंडीच्या कडेने थोडंसं.

राजवाडा_ते_रीगल:
इंदूरच्या रात्री गारच असतात हो, शबे मालवा (माळव्याची रात्र) उगाच म्हणत नाहीत. सरळ लावा. मी १,२०० ची चिनी मातीची कुंडी घेतली, फार शोभते.

मालव्यातला_माळी:
ग्वाल्हेरपेक्षा गार, एवढंच. आणि चकचकीत कुंडी नको. साध्या भाजक्या मातीची, पसरट, चार इंच खोल, तळाला तीन भोकं. खाली ताटली ठेवायची नाही, कुंडी दोन विटांवर ठेवा.

विटेचा_चुरा:
मातीचं सांगतो. विटेचा चुरा २ मग, जाड वाळू १ मग, जुनं पानांचं खत १ मग. चुरा आणि वाळू गव्हाच्या चाळणीतून चाळा. खाली पडेल ते टाकून द्या, वर राहील ते घ्या. बारीक पूड राहिली तर ती तळाशी बसते आणि निचरा बंद. आपली काळी माती चिमूटभरही नको. भिजली की चिकटते, वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. लावल्यावर वरून बोटभर खडी पसरा, म्हणजे खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत.

हिरवा_हात:
कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, हलकं असतं. माझी सगळी रोपं त्यातच आहेत.

विटेचा_चुरा:
मनी प्लांटला चालेल. पावसाळ्यात कोकोपीट आठ-आठ दिवस ओलं राहतं, या रोपाची मुळं तेवढ्यात जातात.

दिवाणखाना_बाग:
घरात एसीत ठेवा आणि ४,००० चा ग्रो लाइट (रोपं वाढवायचा दिवा) लावा. काम संपलं.

पिल्लंवाली:
ताई, आधी रोप तरी खरं आहे का ते बघा! नर्सरीत एचेव्हेरिया, तसंच दिसणारं दुसरं रोप, सेम्परव्हिवम म्हणून विकतात. पानाची कड उजेडात धरा. खऱ्याच्या कडेला बारीक केस दिसतात. एचेव्हेरियाची कड गुळगुळीत असते आणि बऱ्याच जातींवर पांढरी भुकटी, बोट लावलं की पुसली जाते. खऱ्याची पिल्लं (बाजूला फुटणारी छोटी रोपं) बारीक दोरीसारख्या देठावर बाहेर येतात. नुसतं पान मातीवर ठेवून त्याचं रोप होत नाही, एचेव्हेरियाचं होतं. सेम्परव्हिवमच्या जातींपैकी अरॅक्नॉइडियम घेऊ नका, त्यावर कोळिष्टकासारखं जाळं असतं आणि आपल्या पावसाळी हवेत ते आधी सडतं. टेक्टोरम ही जात दणकट.

राजवाडा_ते_रीगल:
टेक्टोरम म्हणजे 'छपरांवरचं'. वीज पडू नये म्हणून युरोपात घरांवर लावायचे, शार्लमेन राजाचा तसा हुकूम होता. नाव लिनिअसने १७५३ मध्ये दिलं.

हिरवा_हात:
विजेचं जाऊ द्या, पावसाचं काय? माझं जुलैत गेलं.

पिल्लंवाली:
पावसात उघड्यावर ठेवायचंच नाही. वर पारदर्शक पत्रा, चारही बाजू मोकळ्या. बंद प्लास्टिकखाली वाफ कोंडते. रोज खालची पानं बघा. कागदासारखी तपकिरी वाळली असतील तर ते नेहमीचंच, चिमटीने काढा. पिवळट, काचेसारखी पाणीदार होऊन बोट लागताच गळत असतील तर ती कूज. लगेच उपटा, स्वच्छ ब्लेडने देठ पांढरा दिसेपर्यंत कापा, चार दिवस सावलीत सुकवा, मग कोरड्या मिश्रणावर ठेवा. आठवडाभर पाणी नाही. आणि फुलोरा आला की तो गुच्छ मरतोच, त्यात तुमची चूक नसते. पिल्लं राहतात.

मालव्यातला_माळी:
पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) दिसला तर कापसाच्या काडीने ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. माझं ऐकाल तर ६०० मध्ये ग्रॅप्टोपेटॅलम घ्या. दिसायला तसंच, मूळचं मेक्सिकोचं, आपली गरमी सोसतं.

विटेचा_चुरा:
हेच म्हणतो. ग्रॅप्टोपेटॅलम.

हिरवा_हात:
+१. शिवाय पश्चिमेच्या उन्हाला ५० टक्के ऊन अडवणारी सावलीची जाळी लागेलच, तिचा खर्च धरलाच नाही कुणी.

गच्चीवरची_तुळस:
सगळ्यांचे आभार. टेक्टोरमच घेतेय. दोन रोपं ३८०, मातीची कुंडी ९०, विटा बांधकामावरून मिळाल्या. कुंडी गच्चीवर नाही, पूर्वेच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवणार. तिथे सकाळी दहापर्यंतच ऊन असतं आणि वर छज्जा आहे, म्हणजे जाळीही नको, पत्राही नको. आत्ता नोव्हेंबर आहे, मेपर्यंत मुळं धरायला सहा महिने मिळतील. चाळणीचं एक विचारायचं होतं: वाळू आधी धुवायची की चाळल्यावर?

विटेचा_चुरा:
आधी चाळा. मग बादलीत घालून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, तीन-चार पाणी लागतील.